मिठाच्या शहरातल्या गाड्या

डेट्रॉईट शहराच्या पोटात मीठ आहे. रस्ते, कारखाने, घरं या सगळ्यांच्या खाली, सुमारे १,१०० फुटांवर मिठाची अवाढव्य खाण आहे. १९१० मध्ये तिथून मीठ निघायला लागलं. मिशिगनमध्ये बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ ओततात. बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी गाडीच्या पत्र्याच्या सांध्यांत शिरून बसतं. काही हिवाळे गेले की दारांच्या खालच्या कडा फुगतात, आणि बोट लावलं तरी तपकिरी भुगा हाती येतो. मोटारींचं शहर म्हणून ज्याचं नाव झालं, त्याच्याच तळाशी मोटारी खाणारं मीठ! म्हणून इथल्या एखाद्या घराच्या गॅरेजात १९६६ ची पाँटिॲक धडधाकट उभी दिसली की मला गाडीच्या आधी त्या घराचं कौतुक वाटतं. कुणीतरी वर्षानुवर्षं तिला हिवाळ्यात बाहेर काढलेलं नसतं. कुणीतरी उंदरांनी सीट कुरतडू नये म्हणून आत डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. कुणीतरी आपली रोजची गाडी बर्फात उभी करून हिला छप्पर दिलेलं असतं.

मसल कार म्हणतात तिला. दिसायला साधी दोन दारांची गाडी, पण पुढे बॉनेटखाली तिच्या अंगाला न शोभेलसं दांडगं इंजिन. जनरल मोटर्स कंपनीचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. त्याच कंपनीच्या पाँटिॲक विभागातल्या जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या इंजिनियरांनी टेम्पेस्ट नावाच्या घरगुती गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र केली तर एवढं भरेल. नियमातून वाट काढायला त्यांनी ती नवी गाडी म्हणून जाहीरच केली नाही. गिऱ्हाइकानं जादा पैसे भरून मागून घ्यायचा एक संच म्हणून १९६४ साली विकायला काढली आणि त्याला जीटीओ नाव दिलं. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

मग सगळ्याच कंपन्या त्या वाटेनं धावल्या. १९६८ साली प्लिमथनं रोड रनर आणली, तीन हजार डॉलरांच्या आतली. पैसे वाचवायला खाली गालिचासुद्धा घातला नव्हता, पण त्याच नावाच्या कार्टून पक्ष्याचं चित्र आणि त्याच्या ओरडण्यासारखा हॉर्न यांसाठी वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले होते! गिऱ्हाईक कोण, ते यावरूनच कळतं. विशी-पंचविशीतली, पहिल्या पगाराची पोरं. दर शरद ऋतूत नवं रूप यायचं, जुनी गाडी देऊन नवी न्यायची. या गाड्या नातवंडांसाठी घडवलेल्या नव्हत्या. पाच-सहा वर्षं धावल्या की त्यांचं काम संपलं, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

तो हिशेब फार लवकर खरा ठरला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले की गाडी परवडावी आणि विमा परवडू नये. १९७० मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला, पुढच्याच वर्षी शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी इंजिनांचा दाब उतरवला गेला आणि १९७३ च्या तेलसंकटानं उरलंसुरलं संपवलं. पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या कुणालाच नकोशा झाल्या. पुढे तर त्या बनवणाऱ्या कंपन्यांची नावंही पुसली गेली: २००१ मध्ये प्लिमथ, २००४ मध्ये ओल्डस्मोबिल, २०१० मध्ये पाँटिॲक. गाडी आहे, पण तिला आपली म्हणणारा कारखानाच उरलेला नाही. अशा गाडीला माहेर असं उरतं ते फक्त तिला सांभाळणाऱ्या घरात. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. या गाड्यांचं मोठेपण कारखान्यात तयार झालं नाही. ते नंतर घराघरांत, पत्रा घासता घासता, हळूहळू तयार झालं.

आणि त्या घरांत फक्त बाप-मुलगेच होते असं नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. या गाड्यांच्या गोष्टीत ग्रीसनं माखलेला बाप आणि त्याला पाना देणारा मुलगा नेहमी येतो. बाई असलीच तर दारातून जेवायला हाक मारते. पण मला आठवतात त्या दोन शिक्षिका.

पहिली शिकागोची गेल वाइज. बावीस वर्षांची, नुकतीच नोकरी लागलेली, शाळेत जायला गाडी हवी म्हणून १५ एप्रिल १९६४ ला सिसेरो ॲव्हेन्यूवरच्या फोर्डच्या विक्रेत्याकडे गेली. तिला वरचं छत उघडणारी गाडी हवी होती. विक्रेता तिला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि तिथं झाकून ठेवलेल्या एका गाडीवरचं कापड त्यानं काढलं. आभाळी निळ्या रंगाची मस्टँग! ही गाडी जगाला दाखवायचा मुहूर्त न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात दोन दिवसांनी होता. तिनं आईवडिलांकडून पैसे उसने घेतले, ३,४४७ डॉलर ५० सेंट भरले आणि गाडी घरी नेली. मस्टँगला मसल कार म्हणावं का यावर जाणकार तासन्‌तास भांडतात. त्यांना भांडू द्यावं. पुढे गेलचं लग्न झालं, मुलं झाली, गाडी संसाराच्या कामाला जुंपली. १९७९ च्या सुमारास ती बंद पडली. नवऱ्यानं सांगितलं, पुढच्या शनिवार-रविवारी बघतो. तो रविवार यायला पंचवीसहून जास्त वर्षं लागली. मध्ये गेलला ती भंगारात द्यावीशीही वाटली होती. निवृत्त झाल्यावर नवऱ्यानं ती खरोखरच दुरुस्त केली. तेव्हा कळलं की तारखेची पावती हाताशी असल्यामुळे विकली गेलेली पहिली मस्टँग म्हणून ओळखली जाते ती हीच.

दुसरी न्यू जर्सीची. तिच्या नवऱ्यानं, रॉबर्ट किअरनन यांनी, १९७४ मध्ये मासिकातली जाहिरात वाचून १९६८ ची गडद हिरवी मस्टँग घेतली. ‘बुलिट’ या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर स्टीव्ह मॅक्वीननं पळवलेली ती हीच गाडी. आणि या घरात ती काय करत होती? किअरननबाई तिच्यातून शाळेत शिकवायला जात होत्या. १९७७ मध्ये मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत विकत मागितली. त्यांनी दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली, ती न्यू जर्सीतून पुढे टेनेसीपर्यंत घराबरोबर फिरत राहिली. बापलेकांनी मिळून ती पुन्हा चालू करायची असं ठरलं होतं. बापाला पार्किन्सन झाला, २०१४ मध्ये ते गेले. मुलगा शॉन यानं ती चालती केली, पण रंगाला हात लावला नाही. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरे बसवायला खाली जोडलेले लोखंडी तुकडेही तसेच ठेवले. २०२० मध्ये लिलावात तिला शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलर आले.

त्या आकड्यानं अनेकांचे डोळे दिपले. मला त्यापेक्षा शॉननं रंग तसाच ठेवला याचं मोल जास्त वाटतं. आजकाल जुनी गाडी पार सुटी करून, पत्रा वाळूच्या फवाऱ्यानं उघडा करून, कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी चकचकीत करण्याची रीत आहे. त्यात कसब आहे, ते मी नाकारत नाही. सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कारखान्याचा मूळ कागद सापडला, आणि त्यावरून गाडीत काय काय घातलं होतं ते समजलं की होणारा आनंद मी पाहिलेला आहे. पण ड्रायव्हरच्या दारावर कोपर टेकून टेकून जिथला रंग उडाला, ती जागा रंगवून टाकली की एक माणूस पुसला जातो. ते कोपर पुन्हा कुठून आणणार?

या गाड्यांबद्दल बोलताना लोक अश्वशक्ती सांगतात. ४२६ घन इंचांच्या हेमी इंजिनाची ४२५ म्हणे! मला आवाज आठवतो. आठ सिलिंडर दोन रांगांत, चार डावीकडे, चार उजवीकडे. शेवरोलेट, पाँटिॲक, ओल्डस्मोबिल, क्रायस्लर या सगळ्यांच्या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम एकच: १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डावे, सम आकडे उजवे. म्हणजे डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. दोन्ही रांगांचा धूर आपापल्या नळीतून बाहेर पडतो, म्हणून एकेका बाजूचे ठोके कानाला समान अंतरावर येत नाहीत. एकदा दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक. आठ मात्रांचा केरवाच तो, डग्गा आणि तबला दोन बाजूंना ठेवून वाजवलेला. फोर्डवाले सिलिंडरांना आकडे वेगळे देतात, त्यांचा क्रमही वेगळा. पण डावं-उजवं मांडून पाहा, सम दुसरीकडून धरली आहे एवढंच, ठेका तोच. इथल्या घरांतली मुलं हा ठेका कळायच्या आधी ऐकतात. आजोबांची गाडी गल्लीच्या टोकाला वळली की पाळण्यातलं पोर मान वळवतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटमधून निघणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हा ठेका दिवसभर चालतो. १९९५ पासूनची प्रथा. याच रस्त्यावर एके काळी रात्री तरुण पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावायची. आता तीच पोरं म्हातारी होऊन रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि त्यांच्या गाड्या त्यांच्या मुली, सुना, नातवंडं चालवतात. धुराचा वास दाट असतो. या गाड्यांना धूर गाळणारी यंत्रणा नाही, हवेला त्या चांगल्या नाहीत आणि त्यांनी रोज रस्त्यावर यावं असं मलाही वाटत नाही. वर्षातले थोडे दिवस मात्र त्यांना चाललंच पाहिजे. नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचं पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो, ब्रेक अडकतात. जपायचं म्हणजे वापरायचं.

आमच्या शेजारच्या आजींकडे १९७० ची ओल्डस्मोबिल ४४२ आहे, त्यांच्या यजमानांनी तरुणपणी घेतलेली. मागच्या वसंतात त्या नातीला शेजारी बसवून शिकवत होत्या. आधी ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाब, म्हणजे चोक लागेल. मग चावी. लगेच निघू नकोस, तेल वरपर्यंत चढू दे. ब्रेकवर भरवसा ठेवू नकोस, लांबून धर. नात म्हणाली, ही गाडी माझ्यापेक्षा तुझंच जास्त ऐकते. आजी म्हणाल्या, तिचं तू ऐक, मग ती तुझं ऐकेल. पुढच्याच आठवड्यात दोघी जाऊन कागदपत्रं नातीच्या नावावर करून आल्या. मिशिगनमध्ये आजीनं नातीला गाडी दिली तर त्यावर राज्य कर घेत नाही. येताना गाडी नातीनं चालवली, आणि आजी वाटभर तिला पुढचा सिग्नल दाखवत होत्या.