दहा फुटांचा प्रवास

गाडी सुरू केल्याबरोबर हाकायची नसते, आधी ती थोडी तापू द्यायची असते, हे ज्ञान मला 1982 साली मिळालं. माझी पहिली सेकंडहँड पद्मिनी ज्यानं मला विकली, त्यानंच ते दिलं. त्या व्यवहारात चालू स्थितीत मिळालेली तेवढी एकच गोष्ट. पुण्यातल्या डिसेंबरात सकाळी चोकची मूठ बाहेर ओढायची, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, कुलदैवताचं नाव घ्यायचं आणि किल्ली फिरवायची. मग ती खोकायला लागायची. तिच्या खोकल्याला वाड्यातले दोन म्हातारे आतून उत्तर द्यायचे. पाच मिनिटं गेली की चोक इंचाइंचानं आत सारायचा. त्याआधी घाई केली, तर गाडी कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयासमोर हटकून बंद पडायची. तिथं मी आयुष्यात कधी केस कापले नाहीत, पण त्या मालकाची आणि माझी ओळख फार जुनी.

त्यामुळे जावयाकडे स्पोर्ट्स कार आहे असं कळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. वाटलं, चला, निदान एक विषय मिळाला! कारण लग्नाला पाच वर्षं झाली तरी आम्हां सासरे-जावयात विषयच नव्हता. जावई न्यू जर्सीत, मी पुण्यात. दर रविवारी फोन.

"काय म्हणता जावईबापू?"

"काही नाही बाबा. तुम्ही म्हणा."

"थंडी आहे का तिकडे?"

"आहे."

"इकडेपण पडलीय."

एवढं झालं की आम्ही दोघंही फोन आपापल्या बायकोच्या हातात देऊन मोकळे. त्याला 'अहो' म्हणताना माझी जीभ अवघडायची आणि 'अरे' म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी शक्यतो कर्ताच नसलेली वाक्यं बोलायचो. "जेवण झालं?" "ऑफिस असेल आज." व्याकरणाच्या पेपरात मला याला निम्मे मार्क पडले असते.

2017 च्या डिसेंबरात कन्येच्या बाळंतपणासाठी आम्ही एडिसनला जाऊन पोचलो. हिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, सुंठ. माझ्या बॅगेत हिच्या बॅगेत न मावलेले डिंकाचे लाडू. बाळंतपणात बाळंतिणीच्या बापाला नेमकं काय काम असतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सामान उचलून झालं की त्याचा उपयोग संपतो. मग तो घरभर दिवे बंद करत हिंडतो. मी तेच करत होतो.

आता ती गाडी. तांबडीभडक, बुटकी, आणि आत बसायला म्हणजे बसण्याआधी थोडं आडवं व्हावं लागे. गाडी जपानी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात दोष गाडीचा नव्हता. मागं दोन छोटी उलट उघडणारी दारं होती. 'म्हणजे ही फॅमिली कारच आहे' असं सांगून जावयानं ती कन्येच्या गळी उतरवली होती. इंजिन मात्र अजब. त्यात पिस्टनच नाहीत! फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन इंजिनियरच्या डोक्यातली ती कल्पना. कमरेत किंचित दबलेल्या डब्यात एक फुगीर तिकोनी तुकडा गरगर फिरतो. जावयानं मला कागदावर आकृती काढून दाखवली.

"समोसा," मी म्हणालो.

"रोटर," तो म्हणाला.

असे दोन समोसे, मिळून तेराशे सी.सी., आणि मिनिटाला नऊ हजार फेरे घ्यायची ताकद. पेट्रोल गॅलनला सोळा-सतरा मैल. शिवाय समोशाची टोकं झिजू नयेत म्हणून ते इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑइल जाळत असतं, आणि तो बिघाड नसून तशी रचनाच आहे. आमच्या पद्मिनीचीही तशीच रचना होती, पण मेकॅनिक तिला बिघाड म्हणायचा.

ही गाडी हिवाळ्यात गॅरेजात झोपलेली असे. घरच्या कामांना दुसरी, साधी, शहाणी गाडी होती, ती बाहेर थंडीत कुडकुडे. रविवारी सकाळी मात्र समोसाबाई निघत. कशाला? तर कोथिंबीर आणायला. दुकान घरापासून अर्ध्या मैलावर.

पहिल्या रविवारी मी मफलर गुंडाळून हौसेनं बरोबर गेलो. जावयानं गाडी सुरू केली, गॅरेजच्या दारात आणली, आणि तिच्या नाकावर हात ठेवून उभा राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली. इंजिन घुमतंय, हा उभा. न्यू जर्सीत गाडी तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ उगाच धडधडत ठेवायला कायद्यानं बंदी आहे. (तिथं पंपावर स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायलाही बंदी आहे, 1949 पासून. त्या राज्याचा माणसाच्या हातांवर एकूण विश्वास कमी असावा.) मी घड्याळ बघू लागलो.

"इतकं तापवायला लागतं?" मी माझ्या बिनकर्त्याच्या भाषेत विचारलं.

"नाही बाबा. खरं तर नुसतं उभं ठेवून तापवूच नये. अर्धा मिनिट पुरे. ऑइल वर चढतं तेवढ्यात. मग हळूहळू चालवत तापवायची."

"मग?"

त्यावर तो काहीच बोलला नाही. आम्ही निघालो आणि बघतो तर गाडी दुकानाच्या उलट्या दिशेला. अर्ध्या मैलाच्या दुकानाला आम्ही चौदा मैलांचा वळसा घालून पोचलो! पुण्यात एखाद्या रिक्षावाल्यानं हे केलं असतं तर मी त्याचा नंबर घेतला असता.

पण जावयाच्या म्हणण्यात तथ्य होतं हे मला नंतर कबूल करावं लागलं. काट्यावर दिसतं ते पाण्याचं तापमान. पाणी चटकन तापतं, ऑइल मागाहून, त्याच्या दुप्पट वेळानं. काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं समजणं, हे वरची साय गरम लागली म्हणून दूध उकळलं म्हणण्यासारखं आहे. दुसरं म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. मला हे माहीत नव्हतं; तुम्हांला होतं का? इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. अर्ध्या मैलात जात नाही. मग ते सायलेन्सरमध्ये बसून गंज खातं आणि ऑइलमध्ये बसून त्याचा काला करतं. जावयानं ऑइलचं झाकण उघडून आतली पांढरट चिकट साय दाखवली. डिसेंबरात तो आजारी होता तेव्हा दोन-तीनदा कन्येनं गाडी नुसती कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली होती, त्याचं हे फळ. हिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, लोणी धरलंय की!"

"मग चालत का जात नाही आपण?" मी विचारलं. अर्धा मैल म्हणजे आमच्या घरापासून मंडईसुद्धा त्याहून लांब. जावई माझ्याकडं बघतच राहिला. त्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. चालणारा माणूस दिसला तर लोक गाडी थांबवून काही मदत हवी का विचारत.

आणि मग 3 जानेवारीचा बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मोठं हिमवादळ येणार म्हणून टीव्हीवर सकाळपासून घोषणा. जावई आगगाडीनं ऑफिसला गेलेला, कन्या झोपलेली, ही स्वयंपाकघरात. तेवढ्यात गॅरेजच्या दाराची मोटर बदलायला माणूस आला. त्याला शिडी लावायला जागा हवी होती. गाडी बाहेर काढता का, म्हणाला.

इतक्या दिवसांत मला कुणीतरी काहीतरी करायला सांगत होतं! किल्ली खुंटीला होती. स्टिअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हाताला, आणि क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, हे शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग ती सुरू झाली. मी तिला डौलात मागं घेतली. दहा फूट. एक इंच कमी नाही, जास्त नाही. आणि उगाच पेट्रोल कशाला जाळा, म्हणून पुणेरी तत्परतेनं लगेच किल्ली फिरवून बंद केली.

तासाभरानं काम करून माणूस गेला. मी गाडी आत घ्यायला बसलो. ती घरघरली. पुन्हा घरघरली. सुरू काही होईना.

काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या जावयाकडे असली गाडी असेल तर सावध राहाल. थंड इंजिनाला सुरू होताना जादा पेट्रोल लागतं. पूर्वी ते चोक द्यायचा, आता कॉम्प्युटर न विचारता देतो. जेवायला बसलेल्याला पहिला वाढा वाढावा तसं. आणि मी पाहुण्याला पहिल्या घासालाच पानावरून उठवलं! न जळलेलं पेट्रोल आतच राहिलं. त्यानं प्लग भिजवले, शिवाय समोशाच्या टोकांवरचा ऑइलचा थर धुऊन काढला. तो थर गेला की फटी बुजत नाहीत, दाब तयार होत नाही, आणि दाब नाही तर काहीच नाही. साध्या इंजिनाला हा अपमान सहसा पचतो. या जातीच्या इंजिनाला पचत नाही. आणि मी दर वेळी किल्ली फिरवून तिला आणखी पेट्रोल पाजत होतो. शेवटी बॅटरीही बसली.

संध्याकाळपर्यंत मी खिडकीतून त्या तांबड्या गाडीकडे बघत होतो. उद्या ती बर्फाखाली जाणार. ही म्हणाली, "सांगून टाका सरळ. खाणार आहेत का ते तुम्हांला?" हिला सोपं आहे. हिनं आजवर कुणाची गाडी बिघडवलेली नाही, कारण हिनं कधी हातच लावलेला नाही.

जावई आला. मी दारातच सगळं सांगितलं, या खेपेला कर्त्यासकट. "मी काढली. मी बंद केली." तो एक क्षण थांबला, कोट काढलाच नाही, आणि बाहेर गेला. साध्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडल्या. मला बॅटरी धरून बसवलं, म्हणजे विजेरी. मग ॲक्सिलरेटर जमिनीला टेकेपर्यंत दाबून किल्ली फिरवली. असं केलं की कॉम्प्युटर पेट्रोल सोडायचं बंद करतो आणि नुसती हवा आत जाऊन इंजिन कोरडं होतं. थांबायचं, पुन्हा करायचं. बोटं बधिर झाली. सातव्या की आठव्या खेपेला ती फुरफुरली, आणि मग असा पांढरा धूर निघाला की समोरच्या घरातले गोरे आजोबा पायजम्यावर बाहेर आले.

"बसा बाबा," जावई ओरडला. "आता बंद करून चालणार नाही!"

आम्ही निघालो. काळा, कोरडा, रिकामा रस्ता. पहिले पाच मैल तो हळू चालवत होता आणि काहीच बोलला नाही. मी काट्याकडे बघत होतो. काटा मध्यावर आला. तरी काही नाही. ऑइल मागाहून तापतं, मी मनात म्हटलं.

"विकायला काढलीय गाडी," तो अचानक म्हणाला. "बाळाची सीट काही मागं नीट बसत नाही."

तीन आठवडे हाच सल्ला द्यायला मी टपलो होतो. पण तोंडातून निघालं, "एवढी काय घाई आहे?"

मग तो बोलायला लागला. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर. कधी कधी त्यांना स्वतःच्याच गावच्या मुक्कामाच्या गाडीची ड्यूटी लागायची. रात्री गाडी गावात यायची, पहाटे पाचला सुटायची. वडील साडेचारला उठायचे आणि याला स्वेटर घालून बरोबर न्यायचे. गाडी सुरू करायचे. ब्रेकची हवा भरायची, इंजिन तापायचं, त्या घूंघूं आवाजानं गाव उठायचं आणि कुठं कुठं कंदील हलायला लागायचे. हा केबिनमध्ये बॉनेटवर बसलेला. वडील शेजारी विडी ओढत. बोलायचे काही नाहीत फारसं. खालून बॉनेट हळूहळू गरम व्हायचं. नीट गरम झालं की ते म्हणायचे, "उतर आता." हा उतरायचा आणि गाडी सुटायची.

"दहा मिनिटं मिळायची," तो म्हणाला. 2015 मध्ये ते गेले. ही गाडी त्यानं पुढच्या वर्षी घेतली.

लग्नात आलेल्या पाहुण्यांना मी 'व्याही एसटीत असतात' एवढंच सांगितलं होतं. एसटीत काय, ते सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर विषय बदलत होतो. हे मला त्या गाडीत बसल्याबसल्या आठवलं, आणि त्या बुटक्या सीटमध्ये मी आणखी थोडा खाली गेलो.

वीस मैल फिरून परत आलो. गाडी गॅरेजात घातली. त्यानं किल्लीला हात लावला.

"थांब रे," मी म्हणालो. "राहू दे अजून दोन मिनिटं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. हात काढून घेतला. आम्ही दोघं उतरून तिच्या पुढं उभे राहिलो. मीही नाकावर हात ठेवला. चांगली गरम होती.

(मार्चमध्ये ती गेली. घेणाऱ्या पोराला जावयानं किल्लीबरोबर दोन पानी सूचना लिहून दिल्या. त्यातलं दीड पान 'थंड असताना बंद करू नकोस' या एकाच वाक्याचा विस्तार होतं.)

तेवढ्यात घरातलं दार उघडलं आणि ही डोकावली. "दीड तास कुठं होतात दोघं? उद्या वादळ आहे, दुकानं उघडतायत की नाही कोण जाणे. येताना कोथिंबीर तरी आणलीत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इंजिन चालूच होतं. दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती. पुन्हा आडवे होऊन आत बसलो आणि त्या गाडीच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच सरळ रस्त्यानं, अर्धा मैल, कोथिंबीर आणायला गेलो.