लाल जास्त की बटणं?

आजीने साठवलेला बटणांचा डबा चार वर्षांच्या पोरासमोर उपडा करा आणि काही न बोलता बाजूला बसा. ते मोजणार नाही. आधी लाल वेचेल, मग पिवळी. एखाद्या निळ्या-जांभळ्याच्या मधल्या बटणापाशी अडेल. ते या ढिगात टाकेल, काढेल, पुन्हा टाकेल. आपल्याला वाटतं, खेळतंय. खरं तर गणित सुरू झालेलं असतं. सारखं काय नि वेगळं काय, हे ठरल्याशिवाय मोजायचं तरी काय?

रंग आधी येतो, कारण तो दिसतो. 'तीन' कुठे दिसतं? तीन लाल बटणं, तीन पिवळी, तीन चिंचोके. यांतलं बाकी सगळं वगळलं की उरतं ते तीन. हे वगळणं सोपं नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजेने मुलांपुढे लाकडी मणी ठेवले, बरेचसे तपकिरी, मोजकेच पांढरे. विचारलं, तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी? लहानग्यांनी सांगितलं, तपकिरी! हसू नका. रंग डोळ्यांत इतका भरतो की लाकूड दिसतच नाही.

जॉर्ज क्युझनेर या बेल्जियन शिक्षकाने याच रंगाला कामाला लावलं. त्याच्या लाकडी कांड्यांत एक सेंटिमीटरची पांढरी, दोनाची लाल, तिनाची फिकट हिरवी, पाचाची पिवळी. लाल नि फिकट हिरवी टोकाला टोक लावून ठेवा, पिवळीएवढी भरते. आकडा एकही लिहिलेला नाही आणि बेरीज झालेली.

कांड्या नाहीत म्हणून आपल्याकडे अडलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा आसपासच्या बिया, शिंपले, पानं-फुलं हीच साधनं झाली. (गुंजा मात्र नकोत. देखण्या खऱ्या, पण विषारी.) आज बालवर्गात 'सफरचंद लाल रंगवा' उरकून लगेच शंभरापर्यंत घोकायला लावतात. ही घाई मला पटत नाही.

आणखी एक. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच नीट दिसत नाही. असं मूल ढीग लावताना सारखं चुकत असेल, तर त्याला रागावू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर लहान-मोठी, दोन भोकांची-चार भोकांची अशी बटणं वेगळी करायला द्या.