तारेची ऊब
महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठलं, की आम्हा सातारकरांना केवढं अप्रूप! सांगली जिल्ह्यात, तासगावला, मामांना मात्र द्राक्षबागेची काळजी. लेहला फौजेत असलेले काका दोघांनाही हसतात. तिथं हिवाळ्यात नळातलंच पाणी गोठतं. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के फुगतो आणि चक्क लोखंडी पाइप फोडतो! मग सकाळी सगळ्या जवानांची पंचाईत. चहालासुद्धा बर्फ वितळवत बसा. म्हणून पाइपाला विजेची खास तार लावतात. वीज वाहिली की ती तापते. तिच्यावर जाड वेष्टण हवंच, नाहीतर सगळी ऊब वाऱ्यावर! पण वीजच गेली तर?

"तर रात्रीच उठून पाइप रिकामा करायचा," काका म्हणाले. "पाणीच नाही, तर फुगणार काय?"