दुरुस्तीची कीर्द

माझ्या बालपणी अर्धापूरच्या शिवारात धुऱ्यावरचे गवत विळ्याने कापले जाई, आणि त्या विळ्याची धार, मूठ व पाते ही सारी जबाबदारी गावच्या लोहाराकडे असे. सुगीत खळ्यावर त्याचे बलुते मोजून दिले, म्हणजे वर्षभर दुरुस्तीसाठी निराळी रक्कम काढावी लागत नसे. त्या व्यवस्थेला जातीचा अन्याय चिकटलेला होता आणि ती गेली हे योग्यच झाले. परंतु अवजार घ्यावयाचे तर त्याच्या दुरुस्तीची तजवीज आधीच करून ठेवावयाची, हे शहाणपण तिच्यात होते.

पुढे हाताने फिरवायची कडबाकुट्टी आली. ओतीव लोखंडाचे चाक, दोन पाती आणि थोडे नटबोल्ट, एवढाच तिचा संसार. तो वडील स्वतः उलगडून पुन्हा जुळवीत.

इसापूर धरणाच्या कालव्याने केळी आणि ऊस वाढले, गवतही माजले, मजूर मात्र दुर्मीळ झाले. तेव्हा धाकट्या भावाने खांद्याला अडकवून चालवायचे पेट्रोलचे ग्रास कटर, नामांकित यंत्राच्या निम्म्याहून कमी किमतीत, आखाड्यावर आणले. पहिल्या पावसाळ्यात त्याने चोख काम केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अशा टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचा निराळा साठा नसतो. ऑइल पेट्रोलमध्येच मोजून मिसळावे लागते, ते कमी पडले तर पिस्टन जाम होतो, आणि टाकीत उरलेले पेट्रोल उन्हाळाभर तसेच राहिले तर त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो व आतला रबरी पडदा कडक होतो. दुसऱ्या पावसाळ्यात नेमका तोच पडदा गेला. खोक्यावर कंपनीचे नाव होते, सुटा भाग मात्र नांदेडच्या बाजारात कोठेही नव्हता. मिस्त्रीने दुसऱ्या यंत्राचा पडदा बसवून पाहिला, तोही टिकला नाही. घरच्या कीर्दीत यंत्राची खरेदी एका ओळीत ठळक लिहिलेली आहे. प्लग, रिंग, मजुरी आणि नांदेडचे एसटीभाडे मात्र ‘किरकोळ’ या सदराखाली पानोपानी विखुरले आहे, त्यामुळे त्यांची बेरीज कोणाच्या नजरेस पडली नाही.

सर्वांत मोठा खर्च तर कीर्दीत चढलाच नाही. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत, यंत्र बंद पडलेल्या त्या आठवड्यांत धुऱ्यावर फुलले. त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते, म्हणून त्या वर्षी चुकलेल्या कापणीची मजुरी आम्ही पुढील कित्येक हंगाम खुरपणीच्या रूपाने फेडीत राहिलो.

इंग्लंडमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग या कारागिराने 1830 मध्ये, गिरणीत लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून, हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र तयार केले. कमीजास्त करता येणाऱ्या स्क्रूपान्याचे श्रेयही त्यालाच देतात. कापणारे यंत्र आणि ते उघडणारा पाना एकाच हातांनी घडविले, याचे मला फार मोल वाटते.

मृगापूर्वी यंत्र घेण्यास निघणाऱ्या कास्तकार बांधवांना माझी विनंती आहे, की दुकानदाराला किंमत विचारण्याआधी त्या यंत्राचा कार्ब्युरेटरचा पडदा, पिस्टन रिंग आणि स्टार्टरची दोरी समोर काढून ठेवावयास सांगावे, आणि ती निघाली नाहीत तर सरळ पुढच्या दुकानात जावे.