‘माय फादर आर’ असं मूल का लिहितं?

मैत्रिणींनो, घरचं आवरून शिकवण्या घेणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणी असतील. मीही त्यातलीच. सकाळी शाळेत अर्धवेळ नोकरी आणि दुपारी घरी सात-आठ मुलं इंग्रजीला. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, तरी व्याकरणातले प्रश्न दरवर्षी तेच! म्हणूनच सांगावंसं वाटतं, की या चुका ढ पणाच्या नसतात. त्या चांगल्या मराठीतून आलेल्या असतात.

‘माय फादर आर इन द बँक’ असं मूल लिहितं, कारण घरी ‘बाबा बँकेत आहेत’ असंच म्हणायला आपण शिकवलंय. आदराचं अनेकवचन! ‘इज’ लिही म्हटलं, तर एकीने डोळे मोठे करून विचारलं, ‘बाई, बाबांना अरे-तुरे करायचं?’ तेव्हा सांगावं, इंग्रजीतला आदर क्रियापदात नसतो. तो ‘सर’, ‘प्लीज’ आणि बोलण्याच्या सुरात असतो.

दुसरा घोटाळा ‘एस’चा. नामाला ‘एस’ लागला की अनेक, आणि क्रियापदाला लागला की एक! मी सांगते, घराची किल्ली एकच. ‘बॉय रन्स’मध्ये ती क्रियापदाकडे, ‘बॉईज रन’मध्ये नामाकडे. प्रश्न विचारताना ती ‘डज’ने घेतली, म्हणून ‘डज ही गो’. पुन्हा ‘गोज’ नको. ‘आय’, ‘यू’ आणि ‘चिल्ड्रन’सारखे शब्द मात्र वेगळे शिकवावेत.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ दोन्हींना आपण ‘पासून’ म्हणतो, तिथे गोंधळ होणारच. आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ला रायगड झालं. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स १९८१’. किती वर्षं ते मोजून सांगायचं तर ‘फॉर मोर दॅन फॉर्टी इयर्स’. वहीत दोन रकाने आखून द्या, चार दिवसांत बसतं.

‘अ’ की ‘ॲन’, यात तर आपली देवनागरीच मदतीला येते. शब्द उच्चाराप्रमाणे मराठीत लिहून पाहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’. ‘अवर’ म्हणजे तास, म्हणून ‘ॲन अवर’. स्पेलिंगमधला ‘एच’ मुका आहे. ‘युनिव्हर्सिटी’ ‘यु’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. अहो, एम.ए. झालेली ‘ॲन एम.ए.’ आणि माझ्यासारखी ‘अ बी.ए.’!

पण नियमांपेक्षा अवघड असते ती भीती. माझ्याकडे एक वहिनी येतात. समुद्राजवळ त्यांच्या दोन खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतात. माशाचं जेवण असं करतात, की पाहुणे पुन्हा येतात. पण पाहुण्यांसमोर त्यांनी एक वाक्य इंग्रजीत म्हटलं, तेव्हा इंग्रजी माध्यमातला मुलगा हसला आणि म्हणाला, ‘आई, तू नको बोलूस.’ तेव्हापासून त्या गप्पच झाल्या. पालकसभेलाही जाईनात.

त्यांना मी पहिला महिनाभर व्याकरण शिकवलंच नाही. रोजची दहा वाक्यं घेतली: जेवण किती वाजता, मासा तिखट चालेल का, पाणी गरम हवं का. चूक झाली तर मध्ये तोडायचं नाही. ‘यू वॉन्ट टी?’ असं त्या म्हणाल्या, की मी नुसतं विचारायची, ‘डू यू वॉन्ट टी?’ हळूहळू ‘डू’ आपोआप आला. मग पालकसभेसाठी एकच प्रश्न घोटून घेतला: ‘हाऊ इज माय सन इन मॅथ्स?’ वहिनी गेल्या, विचारून आल्या. उत्तर निम्मंच कळलं म्हणे. उरलेलं त्यांनी सरळ मराठीत विचारलं, आणि बाईंनीही मराठीत सांगितलं!

तेव्हा शिकवणाऱ्या भगिनींनो, एका दिवशी एकच चूक हाती घ्या. लाल शाईने वही रंगवू नका. वाक्यं घरातली, बाजारातली घ्या. ‘चुकलं’ म्हणण्याआधी मराठीत ते कसं म्हणतात, हे विचारून पाहा. आणि तुमच्या घरात मूल आईच्या इंग्रजीला हसत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्याची फी भरता यावी म्हणून ती दिवसभर राबते आहे.