मामा, वजन किती?

रात्रीचे पावणेदोन. ताई आतल्या खोलीत अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉलवर. जिजू बंगळुरूला. आणि अस्मादिक हॉलमधल्या सोफ्यावर, पोटावर लॅपटॉप ठेवून, परवाच द्यायला हवा होता तो लेख संपवत होते. खाली गादीवर चिकू झोपलेला. चिकू म्हणजे माझा भाचा, वय वर्षं दीड. संध्याकाळपासून ताप होता, पण औषध दिलं होतं, त्यामुळे सगळे तसे निर्धास्त.

तेवढ्यात गादीवरून विचित्र आवाज आला. वळून बघतो तर चिकूचे हातपाय झटके देतायत, डोळे वर गेलेत आणि तोंडातून फेस.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत आठवतं. ताईची किंकाळी. लिफ्टची वाट न बघता उतरलेले चार मजले. ‘कांदा हुंगवा, कांदा!’ म्हणून मागे धावणारे वॉचमनकाका. सिग्नल तोडत पळवलेली गाडी. दहा-बारा मिनिटांत आम्ही एका बड्या, चकचकीत हॉस्पिटलच्या दारात होतो. लॉबीत कारंजं, भिंतीवर भलामोठा टीव्ही. मनात म्हटलं, चला, सुटलो.

कसलं काय! कॅज्युअल्टीत माझ्याच वयाचा एक डॉक्टर होता. त्याने चिकूला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. ‘आयव्ही लावू,’ म्हणाला. उजव्या हाताला सुई टोचली, शीर मिळेना. डाव्या हाताला टोचली. मग पायाला. झटके चालूच. मध्येच तो माझ्याकडे वळला, ‘वजन किती?’

वजन? जिममुळे मला माझं वजन ग्रॅममध्ये पाठ. चिकूच्या बुटांचा नंबर माहीत, कुठल्या कार्टूनवर तो खिदळतो ते माहीत. वजन? ताईलाही सुचेना. ‘पीडियाट्रिशियनना कॉल दिलाय, वीस मिनिटांत येतील,’ एक सिस्टर म्हणाल्या.

वीस मिनिटं! मी घड्याळाकडे बघत होतो. सेकंदकाटा एवढा हळू चालताना कधी पाहिला नव्हता.

आणि मग वरच्या वॉर्डातून एक डॉक्टर बाई आल्या. पायात स्लिपर, केस कसेतरी बांधलेले. पडद्याशी येऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. तीन-चार सेकंद. काहीच नाही केलं. मला वाटलं, झालं, याही घाबरल्या! पण पुढच्याच क्षणी सूत्रं हलायला लागली. ‘कुशीवर घ्या. मामा, ऑक्सिजन!’ (मी धावलो. त्या वॉर्डबॉयना मामा म्हणत होत्या.) ‘वय दीड? अकरा किलो धरा. शीर शोधणं थांबवा, मिडाझोलम नाकातून देऊ.’ ट्रॉलीच्या दुसऱ्या खणातून सिस्टरनी औषध काढलं. नाकात थेंबभर इकडे, थेंबभर तिकडे. बोटाला टोचून साखर तपासली.

दोनेक मिनिटांत झटके थांबले. थोड्या वेळाने चिकूने भोकाड पसरलं. कुणाचं रडणं ऐकून इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

तापातली आकडी, डॉक्टरबाई म्हणाल्या. सहा महिने ते पाच वर्षं या वयात येऊ शकते, बहुतेक वेळा आपोआप थांबते आणि मागे काही ठेवून जात नाही. पण पाच मिनिटांच्या वर गेली तर थांबवावी लागते.

तिसऱ्या दिवशी चिकू घरी आला. माझं डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. ते औषध पहिल्यापासून त्याच ट्रॉलीत होतं. त्या डॉक्टरच्या हातापासून तीन फुटांवर! पत्रकाराच्या अंगात येतं तसं माझ्याही आलं. म्हटलं, आता लिहितोच. त्या पोराची आणि हॉस्पिटलची, दोघांची सालटी काढतो.

आधी आभार मानावेत म्हणून पेढे घेऊन डॉक्टरबाईंना भेटायला गेलो. बोलता बोलता माझा प्लॅन सांगून टाकला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘जरूर लिहा. पण त्याआधी एक रविवार आमच्या ट्रेनिंगला येऊन बसा.’

गेलो. सकाळी आठला. (फ्रीलान्सरसाठी रविवारी सकाळी आठ म्हणजे पहाटच.) हॉलमध्ये टेबलांवर रबराची बाळं निजलेली आणि भोवती वीस-बावीस डॉक्टर, नर्सेस. कोर्सचं नाव पाल्स, म्हणजे पीडियाट्रिक अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट. दोन दिवसांचा, आणि सर्टिफिकेट फक्त दोन वर्षांचं. दोन वर्षांनी पुन्हा या, पुन्हा परीक्षा द्या. कारण हे हातांचं शिक्षण आहे, आणि हात विसरतात.

पहिलाच धडा ऐकून मी चाट पडलो. मूल म्हणजे छोट्या साइजमधला मोठा माणूस नव्हे! मोठ्यांचं हृदय बहुधा हृदयाच्याच दुखण्याने बंद पडतं. मुलांचं तसं नसतं. आधी श्वास थकतो किंवा शरीरातलं पाणी, रक्त कमी पडतं आणि मग शेवटी हृदय थांबतं. म्हणजे आधी थोडा तरी वेळ मिळतो, फक्त तो ओळखता यायला हवा. गंमत म्हणजे मूल शेवटपर्यंत ब्लडप्रेशर धरून ठेवतं. आकडा नॉर्मल दिसतो म्हणून आपण बिनधास्त, आणि मग ते एकदम कोसळतं. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं जेमतेम आठशे मिली. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीपेक्षा कमी! मोठ्यांच्या हिशेबाने जे ‘थोडंसं’ रक्त, ते इथे खूप असतं. आणि प्रत्येक औषध किलोवर. म्हणून तो प्रश्न, वजन किती? वजन माहीत नसेल तर वयात चार मिळवा आणि दुप्पट करा. दीड अधिक चार, साडेपाच. दुप्पट अकरा. अच्छा, ते ‘अकरा किलो धरा’ इथून आलं होतं तर!

आणि पडद्याशी नुसतं उभं राहणं? तोही एक धडा. स्टेथोस्कोप न लावता, हात न लावता, दारातून तीन गोष्टी बघायच्या. मूल दिसतं कसं: नजर लावतं का, अंग ढिलं पडलंय का. श्वासासाठी किती धडपडतंय. कातडीचा रंग कसा आहे. काही सेकंदांत ठरवायचं, धावायचं की सावकाश बघायचं. आणि मी समजलो होतो, बाई घाबरल्या!

चहाच्या ब्रेकमध्ये कुणीतरी हळूच हाक मारली. वळलो. तोच. कॅज्युअल्टीतला डॉक्टर. ‘कसा आहे बाळ?’ त्याने विचारलं. बरा आहे म्हटलं. मग दोघंही गप्प. शेवटी तोच बोलला. ‘त्या रात्री मी एकटाच होतो. एमबीबीएस होऊन सव्वा वर्ष झालंय. मुलांची इमर्जन्सी म्हणजे इंटर्नशिपमध्ये लांबून पाहिलेली. मॅडमनी सांगितल्यावर या कोर्सला स्वतःच्या पैशाने नाव घातलं.’

माझी सालटी काढायची हौस तिथेच फिटली.

कारण हिशेब करून बघा. अमेरिकेत मुलांच्या इमर्जन्सीचं वेगळं शास्त्र आहे. बालरोगाची तीन वर्षं झाल्यावर त्याची आणखी तीन वर्षांची फेलोशिप. तिची पहिली बोर्ड परीक्षा झाली १९९२ मध्ये. आपल्याकडे मोठ्यांच्या इमर्जन्सी मेडिसिनलाच स्वतंत्र विषय म्हणून मेडिकल कौन्सिलची मान्यता मिळाली २००९ मध्ये. मुलांच्या इमर्जन्सीची फेलोशिप आपल्याकडेही काही मोठ्या हॉस्पिटलांत करता येते, पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तुम्हाला भेटणारा डॉक्टर बहुधा ती केलेला नसतो. त्याला कुणी शिकवलंय का, हाच खरा सवाल.

‘पण एवढे स्पेशालिस्ट आणायचे कुठून?’ मी डॉक्टरबाईंना विचारलं. उत्तरादाखल त्यांनी मला आफ्रिकेतल्या मलावीत नेलं. तिथल्या ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये मुलांची ही गर्दी, आणि पैशांची चणचण. २००१ मध्ये त्यांनी कामाची पद्धत बदलली. मूल रांगेत शिरताच आधी एक नजर टाकायची, सगळ्यात आजारी असेल त्याला पुढे घ्यायचं, आणि हे सगळ्या स्टाफला शिकवायचं. आधी दाखल झालेल्या मुलांपैकी १० ते १८ टक्के दगावत. नंतर हे प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये त्याची हकिगत छापून आली. कारंजं नाही, टीव्ही नाही. शिकलेले डोळे.

दुपारी त्या डॉक्टरची पाळी आली. टेबलावर रबरी बाळ, केस आकडीची. (परीक्षकांना काही माहीत नव्हतं हं, निव्वळ योगायोग!) तो टेबलापाशी आला आणि थांबला. एक, दोन, तीन. मग बोलायला लागला. ‘कुशीवर घ्या. ऑक्सिजन. अकरा किलो. मिडाझोलम नाकातून.’ नर्सने ऑर्डर मोठ्याने परत म्हटली, ‘दिलं’ म्हणून सांगितलं. तसं म्हणायचंच असतं, म्हणजे गोंधळ होत नाही. शीर मिळत नाही म्हटल्यावर नडगीच्या हाडात सुई कशी घालायची, तेही त्याने करून दाखवलं. हात थोडे थरथरत होते, पण थांबले नाहीत.

मागच्या रांगेत बसून माझे डोळे का भरून आले, ते मला अजून सांगता येत नाही.

आता तुमच्यासाठी. आपण हॉटेलचे रिव्ह्यू वाचतो, फोन घ्यायचा तर आठ दिवस रिसर्च करतो. मग घराजवळच्या हॉस्पिटलला एकदा फोन करून विचारा ना: रात्री दोन वाजता लहान मूल आणलं तर पहिलं कोण बघतं? त्यांचं मुलांच्या इमर्जन्सीचं ट्रेनिंग झालंय का? आकडी आली तर मुलाला कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळात वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल गाठा किंवा १०८ लावा. आणि थांबली तरी डॉक्टरांना दाखवाच.

ताईच्या फ्रिजवर आता एक चिठ्ठी असते. दर महिन्याच्या एक तारखेला ती बदलायचं काम माझ्याकडे आहे. डेडलाइन चुकत नाही. या महिन्याची चिठ्ठी: चिकू, अकरा किलो चारशे.