रफ वहीचा ताळा

आमच्या निर्णा गावात बसून संगणकशास्त्र शिकायचं म्हटलं, तर आज साधनांची वानवा नाही. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलवर अख्खे अभ्यासक्रम फुकट आहेत. एमआयटीच्या अ‍ॅबेल्सन-सस्मन यांचं १९८५ चं गाजलेलं पाठ्यपुस्तक मोबाइलवरही उघडतं. वानवा आहे ती समोर बसून ‘हे तुला अजून कळलेलं नाही’ असं सांगणाऱ्याची. एकट्यानं शिकणाऱ्याला तो परीक्षक स्वतःच व्हावं लागतं, आणि त्यासाठी मला रफ वहीइतकं खरं साधन दुसरं सापडलेलं नाही.

एक उदाहरण घेऊ. चाळीस वस्तूंतून वीस किती प्रकारे निवडता येतील? एक वस्तू बाजूला काढा. ती घेतली तर उरलेल्या ३९ मधून १९ निवडायच्या, सोडली तर ३९ मधून २०. दोन्हींची बेरीज करा. रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावून, हे चार ओळींत लिहून होतं आणि उत्तरही बरोबर येतं. पण कधी? वहीत सहातून तीनचा छोटा विस्तार मांडा. ‘चारांतून दोन’ दोनदा येतं, ‘तिनांतून एक’ तीनदा. तेच काम पुन्हा पुन्हा होतं आणि शेवटी एकेक मिळवूनच उत्तर भरतं. चाळिसातून वीसचं उत्तर १३,७८४ कोटींच्या वर आहे. तेवढे एक मिळवत बसायचे!

याच प्रश्नाची जवळची वाट आमच्या शेजारी, कलबुर्गी जिल्ह्यात सापडते. तिथलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात, त्यांचा राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात सहा रसांच्या मिश्रणांचं गणित आहे, आणि त्याचा सर्वसाधारण नियमही. सहातून तीन रस घ्यायचे तर ६, ५, ४ यांच्या गुणाकाराला १, २, ३ यांच्या गुणाकारानं भागायचं. उत्तर २०.

चाळिसातून वीससाठी हे फक्त वीस फेऱ्यांत उरकतं. मात्र सगळे गुणाकार आधी केले, तर संख्या ६४ बिटांत मावत नाही. म्हणून गुणलं की लगेच भागायचं: ४०, मग ७८०, मग ९,८८०. बाकी कधीच उरत नाही. का? कारण प्रत्येक टप्प्यावरची संख्या हीच एक निवडीची संख्या आहे: चाळिसातून एक, चाळिसातून दोन, चाळिसातून तीन.

काम किती वेळा होतं, संख्या कुठवर फुगते, भागाकार निःशेष का जातो, हे प्रश्न म्हणजेच संगणकशास्त्र. पायथन की जावा, हे त्यानंतरचं. व्हिडिओ पाहताना सगळं पटत जातं, आणि पटणं हे कळण्यासारखंच वाटतं. म्हणून शिकणाऱ्या मुलांना माझं एकच सांगणं असतं: प्रोग्रॅम चालवण्याआधी उत्तर आणि फेऱ्या वहीत मांडा, मग यंत्राशी ताळा पाहा. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तेच पुन्हा मांडता आलं, तर खुशाल पुढच्या धड्याला लागा.